म्हातारीच्या नावे आठ रुपये

सासऱ्यांनी मला वही लिहायला बसवलं ते कौतुकानं नाही. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि घरात दुसरं लिहिणारं कुणी नव्हतं. माझा नवरा लग्नानंतर सहाव्या वर्षी पटकीनं गेला. मूल नव्हतं. धाकटा दीर जालन्याला जिनिंगमध्ये कारकून होता, त्याचं बिऱ्हाड तिकडंच. राजूरच्या घरात सासरे आणि मी अशी दोनच माणसं. मी माहेरी चौथीपर्यंत शिकले होते. तेवढ्यावर मी दुकानाची लिहिणारी झाले.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. आमचं दुकान गणपतीच्या देवळाकडं चढणाऱ्या वाटेवर. नारळ, खडीसाखर, गूळ, मीठ, मिरची, गोडं तेल. चतुर्थीला पाय ठेवायला जागा नसे. बाकीचे दिवस मी आणि माश्या.

दिवस कलायच्या वेळी सासरे भिंतीला टेकून बसत आणि बोलत. मी लिही. आलं ते जमा, गेलं ते नावे. मग पेटी उघडून पैसे मोजायचे. वहीतली शिल्लक आणि पेटीतले पैसे एक झाले की ते म्हणत, "बराबर. आता भाकरी टाक." एक झाले नाहीत तर चूल पेटत नसे. एकदा दोन पैशांसाठी आम्ही उपाशी बसलो होतो. ते दोन पैसे पेटीच्या फटीत निघाले.

त्यांचे नेम थोडे होते, पण ते मोडायचे नाहीत. लिहिलेलं खरवडायचं नाही. पान फाडायचं नाही. चुकलं तर खाली उलटी ओळ लिहायची. चूकही दिसली पाहिजे आणि दुरुस्तीही. घर वेगळं आणि दुकान वेगळं. भाजीला चिमूटभर मीठ दुकानातून घेतलं तरी घरखर्चाच्या नावे लिहायचं. घराला महिन्याला दहा रुपये, त्यावर नाही. आणि सगळ्यांत मोठा नेम असा की पैसा बेवारशी जात नाही. पेटीतून एक पैसा गेला तरी तो कुणाच्या ना कुणाच्या नावे पडलाच पाहिजे. कुणी नेला ते कळलं नाही, असं वहीत लिहिता येत नाही.

मी ते सगळं लिहीत गेले. सगळं समजत होतं असं नाही. नारळ जालन्याहून आणले की ते एक जास्तीची ओळ सांगत, "वटाव नावे, अमुक." मला वाटायचं ही दलाली असेल, नाहीतर हमाली. विचारलं कधी नाही. सुनेनं विचारायची रीत नव्हती आणि त्यांना सांगायची सवय नव्हती.

होळीनंतर ते गेले. तेराव्याला दीर दुकानाच्या उंबऱ्यावर बसून म्हणाला,

"वहिनी, आता कसं करायचं?"

"करायचं काय? दुकान चालवायचं."

"तुम्ही? एकट्या?"

"आजवर लिहीत कोण होतं?"

तो हसला. "बाबा बोलायचे, तुम्ही लिहायच्या. बोरूसुद्धा लिहितो." मग जरा नरमला. "असं करू. दिवाळीला मी येतो. वही बघतो. बराबर असली तर दुकान तुमच्याकडं. नसली तर माल मोडू आणि तुम्ही जालन्याला या. हिचाही जीव मोकळा होईल, पाच लेकरांचं उरकत नाही तिला."

उठताना आणखी एक बोलला. "चोरी एक वेळ मी समजून घेईन. चोर कुणाच्याही दुकानात शिरतो. पण लिहिणाऱ्याची चूक चालायची नाही. चुकणाऱ्याच्या हाती दुकान देता येत नाही."

त्याच्या घरी मी उपाशी मेले नसते, हे मी कबूल करते. त्याची बायकोही वाईट नव्हती. पण माल आणायला जालन्याला गेले की मी तिथं दोन-दोन दिवस राहायची, तेव्हा बघितलं होतं. चुलीच्या मागं एक जागा होती, सरपण ठेवायची. माझं अंथरूण तिथं पडायचं. दोन दिवस ठीक होतं. जन्मभर मला ते नको होतं.

सासरे गेल्यावर घरखर्चाचं खातं निम्म्यावर आलं. त्यांची तंबाखू गेली, त्यांचं दूध गेलं. एका माणसाचं खातं लिहायला वेळ लागत नाही. मीठ, तेल, ज्वारी. चार ओळी झाल्या की दिवस संपला. संध्याकाळी मी बेरीज मोठ्यानं म्हणायची, कारण दिवसभरात तेवढंच बोलणं व्हायचं. शेवटी "बराबर" पण मीच म्हणायची.

एक माणूस मात्र यायचं. गावाबाहेर टेकाडाखाली धनगरांची चार घरं होती, त्यातली एक म्हातारी. तिचं नाव मी इथं लिहीत नाही; एकदा लिहिलं तेवढं पुरे. तिची मुलं दिवाळीनंतर मेंढरं घेऊन गोदावरीकडं उतरायची ती पावसाळ्याला परत. तिचे गुडघे गेलेले, म्हणून ती मागं राहायची. दुपारी यायची आणि मिठाच्या पोत्यावर बसायची.

"त्या पोत्यावर बसू नका, आजी. मीठ पाणी धरतं."

"माझ्यात पानी ऱ्हायलंय कुठं, पोरी."

असं आमचं बोलणं. ती माझ्या हिशेबाला हसायची. "चिमूटभर मीठ घेतलंस आन् लिहून राह्यलीस? कुनाला दाखवनार? सासरा तर गेला." मी म्हणायची, दिराला दाखवायचंय. ती म्हणायची, "त्याला मंग चार मिरच्या पन दाखव."

मी माल आणायला जालन्याला जायची तेव्हा दोन दिवस तीच दुकानात बसायची. तिला आकडे येत नव्हते. पण एक नारळ विकला की शेंडीचा एक धागा काढून ठेवायची, खडीसाखरेची एक पुडी विकली की एक खडा. मी आले की धागे आणि खडे माझ्यापुढं करायची आणि गाडग्यातले पैसे. ते कायम बराबर असायचे. मजुरी म्हणून एक नारळ आणि तंबाखू घ्यायची. पैसा घेत नसे. मोड लागली तर असू दे म्हणून पेटीची किल्ली मी तिच्यापाशी ठेवून जायची.

सासरे गेल्यावर पहिल्यांदा मी चैत्रात गेले. नारळाच्या पेढीवर बाईमाणसानं वर चढून पैसे मोजत बसायचं नसतं. मी पायरीशी उभी राहायची, पिशवी मुनिमाच्या हाती द्यायची, तो त्याचे घेऊन उरलेले परत द्यायचा आणि वर एक चिठ्ठी. चिठ्ठीवर तीस रुपये होते. घरी येऊन मी नारळ खरेदीला तीस लिहिले, उरलेले पेटीत टाकले आणि मोजले. पाच रुपये कमी.

चूल पेटवली नाही. पुन्हा मोजले. फटी बघितल्या. पाच कमीच. म्हातारीला बोलले नाही. पाच रुपये घरखर्चाच्या नावे टाकले आणि तो महिना कोरडी भाकरी खाल्ली.

आषाढात पुन्हा गेले. चिठ्ठी बेचाळीसची. पेटीत सात कमी. तेही मी माझ्या नावे घेतले. दिवाबत्तीचं तेल बंद केलं. पण आता डोक्यात किडा शिरला. मी गावात असताना पैसा हलत नाही. मी जालन्याला गेले की हलतो. आणि मी जालन्याला गेले की दुकानात कोण असतं?

भाद्रपदात गणपतीच्या आधी तिसरी खेप. चिठ्ठी अठ्ठेचाळीसची. आठ कमी. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हातारी येऊन पोत्यावर बसली तशी मी म्हणाले,

"आजी, पेटीत आठ रुपये कमी आहेत."

"मंग पुन्ना मोज."

"तीनदा मोजले."

"चौथ्यांदा मोज. मेंढरं पन मोजताना चुकत्यात."

"मागच्या दोन्ही खेपांना कमी होते. मी जालन्याला गेले की होतात. एरवी होत नाहीत."

ती तंबाखू मळत होती, ती थांबली. "असं म्हन की. सरळ म्हन."

"किल्ली तुमच्यापाशी होती."

"व्हती." तिनं कमरेची चंची सोडून तागडीत पालथी केली. सुपारीचं खांड, चुन्याची डबी, एक दाभण. "हे घे. आनखी काय बघायचं? लुगडं झाडू?"

"वहीत कुणाचं तरी नाव लागतं. दोनदा मी माझ्या नावे घेतलं. दिवाळीला दीर येणार आहे. मी कुठून भरू?"

"मंग या खेपेला माझं लाव. लाव ना. मला कुठं वाचता येतं?"

मी तिच्यासमोर लिहिलं. तिच्या नावानं खातं उघडलं आणि नावे आठ रुपये टाकले. धागे आणि खडे बराबर होते, हे मला माहीत होतं. तरी लिहिलं.

चार दिवसांनी ती आली. बसली नाही. तागडीत आठ रुपये ठेवले. दोन मेंढ्या विकल्या होत्या, हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं.

"घे. आता काढ माझं नाव."

"काढता येत नाही, आजी. खरवडायचं नसतं. आठ जमा लिहिते, म्हणजे खातं मिटलं."

"म्हंजी नाव ऱ्हानार?"

"राहणार."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि काठी टेकत वाट उतरून गेली. त्यानंतर ती दुकानात आली नाही.

दीड महिना असा गेला. दुपारी गिऱ्हाईक नसायचं आणि दुसरंही कुणी नसायचं. मी तिला चोर समजत होते आणि दुपार झाली की वाटेकडं बघत होते. दोन्ही एकदमच.

दिवाळीच्या आधी नारळ आणायला गेले तेव्हा दुकानात बसवायला माणूस नव्हतं. कुलूप घातलं. किल्ली माझ्या कमरेला. दुसऱ्या दिवशी आले, चिठ्ठी बघून नारळ खरेदीला छत्तीस लिहिले, पेटी मोजली.

सहा कमी.

मी कुलूप बघितलं. कौलं बघितली. पेटीखालची जमीन हातानं चाचपली. मग खाली बसले. तीसला पाच, बेचाळीसला सात, अठ्ठेचाळीसला आठ, छत्तीसला सहा. चौथीत मास्तर असली गणितं पाटीवर घालायचे. दर वेळी सहावा हिस्सा. चोर असा मोजून नेत नाही.

मागच्या सालची वही काढली. माझंच अक्षर. नारळ खरेदी कलदार तीस, वटाव नावे पाच. त्याच्या खाली तसंच, आणि त्याच्याही खाली. नारळ रेल्वेनं इंग्रजांच्या मुलखातून यायचे, म्हणून पेढीवाला भाव इंग्रजी रुपयात सांगायचा, कलदारमध्ये. आमच्या पेटीत निजामाचे हाली रुपये. सहा कलदारला सात हाली मोजावे लागत. मुनीम पिशवीतून पस्तीस हाली घ्यायचा आणि त्याच्या रीतीनं तीसची चिठ्ठी द्यायचा. वरचे पाच म्हणजे वटाव. सासरे सांगत होते तोवर मी तो लिहीत होते. सांगणारं माणूस गेलं आणि ओळ गेली. दीर म्हणाला तसा बोरूच होते मी.

त्या खेपेचा सहाचा वटाव मी नीट लिहिला. वही बराबर झाली. आता मागची दुरुस्ती करायची म्हटलं तर सोपी होती. वीस रुपये वटाव नावे, घरखर्च बारा जमा, म्हातारी आठ जमा. तीन ओळी. पण त्या ओळी दिरानं वाचल्या असत्या. चार दिवसांवर दिवाळी होती. मी स्वतःशी म्हणाले, दिवाळी झाली की लिहू.

दीर आला. कोरं धोतर, कानाला अत्तर. वही बघून पहिल्यांदा हसला, "बालबोधात वही! मोडी शिका वहिनी, लोक काय म्हणतील." मग बेरजा तपासल्या. पेटी मोजली. एकेक खातं उलटत गेला आणि म्हातारीच्या पानावर थांबला.

"हे काय? धनगराच्या बाईकडं आठ रुपये कशाचे?"

त्यानं ओळीवर बोट ठेवलं.

"नावे आठ. मग जमा आठ." त्यानं वर बघितलं. "चोरी केली होती? आणि तुम्ही वसूल केली?"

तेव्हा मला बोलता आलं असतं. तोंड बांधलेलं नव्हतं. चूक माझी आहे म्हणायला किती वेळ लागतो? मला चुलीमागचं सरपण दिसलं. मी मान खाली घातली. त्यानं ती होकाराची समजली आणि ती होकाराचीच होती.

"शाब्बास, वहिनी! बाबांना जमलं नसतं हे." त्यानं वही मिटून माझ्याकडं सरकवली. "दुकान तुमचं."

मग तो देवदर्शनाला गेला आणि देवळाच्या पायरीवर चार माणसांत त्यानं वहिनीचं कौतुक केलं, कशी चोरी पकडली आणि कसे पैसे काढले. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं. तोवर ही गोष्ट फक्त माझी, तिची आणि वहीची होती.

पाडव्याला नवी वही घातली. वर श्री लिहिलं आणि खाली पहिल्यांदा त्या तीन ओळी लिहिल्या. म्हणजे दुकानावर म्हातारीचं देणं आठ रुपये. दुसऱ्या दिवशी पैसे फडक्यात बांधून टेकाडाकडं गेले. त्यांची निघायची तयारी चालली होती. घोड्यावर बाडबिस्तरा चढत होता. ती बाहेर बसून लोकर कातत होती.

"आजी, चूक माझी होती. वटाव लिहायचा राहिला."

"ते काय आस्तं?"

मी सांगितलं. सहाला सात, तीसला पस्तीस. ती ऐकत होती, चाती फिरत होती.

"कधी कळलं तुला?"

खोटं बोलावंसं वाटलं. बोलले नाही. "दिवाळीच्या चार दिवस आधी."

"आन् तुझ्या दिरानं पायरीवर सांगितलं ते?"

"दिवाळीला."

"मंग तवा तुला ठाव व्हतं."

"होतं."

चाती थांबली. मी फडकं पुढं केलं. तिनं हात लावला नाही.

"ने परत. हे माझे न्हाईत आता. ह्याच्यावर तुझं दुकान ऱ्हायलं ना? मंग ऱ्हाऊ दे दुकानातच."

"आजी, घ्या. नाहीतर वहीत तसेच राहतील."

"माझं नाव ऱ्हायलं तसं हे बी ऱ्हातील."

तिनं धाकट्या लेकाला हाक मारली, "मला घोड्यावर बसीव रे." गुडघे गेल्यापासून ती मेंढरांमागं गेली नव्हती. त्या साली गेली.

मी गावात सांगायला गेले, तेही लिहिते. पाणवठ्यावर सांगितलं, देवळाच्या पायरीवर उभी राहून सांगितलं, की म्हातारीनं काही नेलं नव्हतं. बायका म्हणाल्या, बाई मनाची मोठी आहे, चोराला पण पाठीशी घालते. मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं नाही. दिरालाही पुढच्या दिवाळीला सांगितलं. तोवर सालाचा नफा निघाला होता. तो म्हणाला, "जाऊ द्या ना आता."

पावसाळ्याला मेंढरं परत आली. ती आली नव्हती. नदीकाठी शहागडच्या अलीकडं कुठंतरी वारली म्हणून लेकानं सांगितलं. त्याच्यापुढं आठ रुपये ठेवले. तो म्हणाला, आईनं घेऊ नको म्हणून सांगितलंय.

पुढं कितीतरी वर्षं दुकान चाललं. जालन्याला जायचं असलं की मी कुलूप घालायची आणि दोन दिवस गिऱ्हाईक परत जायचं. लोक म्हणत, कुणाला तरी बसवत जा. बसवण्यासारखं माणूस मिळालं नाही असं मी सांगायची. माझ्या किल्लीला हात लावायला कुणी तयार नव्हतं, हे खरं कारण. पेटीतला पैसा कमी झाला की नाव वहीत पडतं, हे सगळ्यांना माहीत झालं होतं. चतुर्थीला गर्दी व्हायची. दुपारी मी एकटी असायची. संध्याकाळी पैसे मोजायची आणि "बराबर" म्हणायची.

दर पाडव्याला नव्या वहीत पहिली ओळ तीच, मागच्या वहीवरून, म्हातारीचं देणं आठ. निजामाचं राज्य गेलं, मग हाली चालायची बंद झाली. तेव्हा सगळी खाती कलदारमध्ये करावी लागली. आठाचे सहा रुपये पावणेचौदा आणे झाले. फरकाचा वटाव मी लगेच तिथल्या तिथं लिहिला. मग पेटी मोजली, वही मिटली आणि भाकरी टाकायला उठले.